‘माझा प्रवास’चे दोन जन्म : युद्धस्मृतींच्या संपादनाचा प्रश्न

१

मराठीतील आत्मपर गद्याच्या अभ्यासात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. १८५७ च्या उठावाची एका मराठी माणसाने पाहिलेली आणि मराठीत लिहिलेली ही हकीकत पदव्युत्तर वर्गांत प्रवासवर्णन म्हणून, आत्मकथन म्हणून आणि इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासली जाते. मात्र तिच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांकडून एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. अभ्यासक ज्या ‘माझा प्रवास’विषयी बोलत आहे, तो नेमका कोणता? १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेला, की १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला? या दोन संहितांमध्ये ५९ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर केवळ कालाचे नाही, संपादनाविषयीच्या दोन भूमिकांचेही आहे. प्रबंधिकेच्या पहिल्या पृष्ठावर आवृत्तीचा उल्लेख न करता अवतरणे देण्याची सवय इतकी रुळली आहे की, ती चूक आहे हेही आता जाणवेनासे झाले आहे.

हा प्रश्न एका जुन्या ग्रंथापुरता असता तर तो संशोधकांवर सोपवून चालले असते. तो तसा नाही. चिं. वि. वैद्यांचा जन्म कल्याणचा. कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला, आणि तेथून पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. हा सारा टापू दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा अंगावर वागवतो. उल्हासनगर ज्या जागी वसले, ती जागा युद्धकाळात ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखली जाणारी लष्करी छावणी होती. युद्ध संपले, १९४७ मध्ये फाळणी झाली आणि सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींतून सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार उभे राहिले. १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु कॅम्पाचा आणि बराकीचा क्रमांक सांगून पत्ता देण्याची रीत टिकून राहिली. युद्ध येथील माणसांच्या पत्त्यातच शिरले आहे. अशा ठिकाणच्या एखाद्या घरात, दिवंगत वडिलांच्या ट्रंकेतून युद्धकाळातील आठवणींची वही निघाली, तर तिचे काय करावे? अशी वही बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पडते. त्या मुलाने वा मुलीने मराठीत एम.ए. केलेले असेल, तर घरच्यांची अपेक्षा एकच असते : ‘जरा नीट करून छापून टाक.’

‘नीट करणे’ म्हणजे काय, हाच येथे चर्चेचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ‘माझा प्रवास’च्या दोन जन्मांहून अधिक बोधप्रद उदाहरण मराठीत नाही.

२

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. १८२७ साली जन्मलेला हा भिक्षुक १८५७ मध्ये घराबाहेर पडला तो युद्ध पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले होते. म्हणून काका-पुतण्यांनी उत्तरेची वाट धरली. वाटेत बंडाने गाठले. पुढे हा प्रवासी झाशीत असतानाच मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. वेढा, शहराचा पाडाव आणि त्यानंतरची कत्तल त्याने शहरात राहून पाहिली. अनेकदा लुबाडला जाऊन, मिळवलेली दक्षिणा गमावून, अखेर आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन तो घरी परतला.

ही हकीकत लिहिली गेली ती मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि वैद्यांच्या आग्रहावरून. म्हणजे ही दैनंदिनी नव्हे; हे स्मरणलेखन आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दैनंदिनी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. स्मरणलेखन करणाऱ्याला सारे ठाऊक असते. त्याला पडतात ते विस्मरणाचे आणि पश्चात्‌बुद्धीचे मोह. गोडसे भटजींच्या लेखनात तारखांचे घोटाळे आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. उठावाच्या कारणांविषयी ते जी चौऱ्याऐंशी कलमांची हकीकत सांगतात, ती इतिहासाच्या कसोटीवर टिकणारी नाही. परंतु हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांपुढे इंग्रजांनी धर्म बुडविणारी कलमे ठेवली, असे लोक त्या वेळी खरे मानून बोलत होते, ही गोष्ट मात्र त्या हकीकतीतूनच कळते. अफवा खोटी असू शकते. अफवा पसरली होती ही वस्तुस्थिती खरी असते. संपादकाने ती ‘चूक’ म्हणून दुरुस्त केली, तर एका साक्षीदाराचे तोंड बंद करून त्याच्या नावावर पाठ्यपुस्तक बोलवल्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या ग्रंथाचा कणा पराक्रम हा नाही. तो आहे दक्षिणा. कोठे किती मिळाले, कोठे किती गेले, काय खाल्ले, कोणत्या घरी उतरलो, कोणते धर्मकृत्य कसे पार पडले, या तपशिलांवर ही हकीकत उभी आहे. झाशीच्या राणीचे दर्शन घडावे म्हणून पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला हा हिशेब कंटाळवाणा वाटतो. पण युद्धाच्या वाटेत सापडलेल्या आणि हाती शस्त्र नसलेल्या माणसाचे युद्ध असेच असते. सेनापतीला युद्ध नकाशावर दिसते. भिक्षुकाला ते कंबरेच्या कशात बांधलेल्या मोहरांच्या भीतीत दिसते. हा दृष्टिकोन मराठी गद्याला दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

३

आता संपादकाकडे वळावे लागते. चिंतामण विनायक वैद्य (१८६१–१९३८) यांचा व्यासंग एखाद्या साच्यात बसणारा नाही. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा माणूस ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश झाला. त्याने महाभारत आणि रामायण यांवर इंग्रजीत चिकित्सक ग्रंथ लिहिले आणि ‘भारताचार्य’ ही उपाधी मिळवली. मध्ययुगीन हिंदू भारताचा इतिहास तीन खंडांत सिद्ध केला. पानिपताच्या पार्श्वभूमीवर ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरी लिहिली. १९०८ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. न्यायाधीश, इतिहासकार, महाकाव्यांचा चिकित्सक आणि कादंबरीकार अशा चार भूमिका एका माणसात एकत्र आल्या होत्या, आणि १९०७ च्या ‘माझा प्रवास’मध्ये या चारही भूमिकांची ओढाताण दिसते.

न्यायाधीशाला साक्षीचे मोल कळते. विष्णुभटांसारख्या सामान्य भिक्षुकाच्या अनुभवाला इतिहासात जागा आहे, हे वैद्यांनी ओळखले. वाड्यावाड्यांतून थैलीभर कागद उजेडात येत असण्याच्या त्या काळातही एका गरीब उपाध्यायाला ‘तुम्ही पाहिले ते लिहून द्या’ असे सुचणे हे साधे नव्हते. वैद्य हे विष्णुभटांचे रक्ताचे वारस नव्हते. पण वडीलधाऱ्या माणसाच्या स्मृतींची जबाबदारी त्यांनी वारसाच्या नात्याने पत्करली. लेखकाच्या हयातीत ग्रंथ छापला गेला नाही. त्यामागे इंग्रजी अमलाची धास्ती होती, आणि ती काल्पनिक नव्हती. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तो छापून होण्याच्या आधीच बंदी आली. अशा वर्षांत बंडाची हकीकत छापणे हे धाडस होते, हे वैद्यांच्या संपादनाचे मोजमाप करताना विसरता येत नाही.

पण साक्ष नोंदवणारा न्यायाधीश साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालत नाही. वैद्यांनी ते केले. भटजींच्या बोलीला त्यांनी ग्रांथिक वळण दिले, मजकुराची काटछाट केली, रचना सुबक केली. मोडीतील मूळ संहिता आणि १९०७ ची छापील संहिता शेजारी ठेवली असता हा फरक ठायी ठायी जाणवतो. येथे न्यायाधीशावर कादंबरीकाराने मात केली, असे म्हणावे लागते. याहून मोठा विरोधाभास महाभारताच्या चिकित्सकाचा आहे. आजचे महाभारत एका हाताचे नाही; व्यास, वैशंपायन आणि सौती अशा तीन अवस्थांतून ते वाढले, असे प्रतिपादन ज्या वैद्यांनी केले, त्यांनीच आपल्या डोळ्यांदेखत लिहिल्या गेलेल्या एका संहितेवर आणखी एक थर चढवला. हजारो वर्षांपूर्वीच्या सौतीची भर ओळखणाऱ्या चिकित्सकाला स्वतःचे सौतीपण दिसले नाही.

तरीही वैद्यांवर फिर्याद करून थांबणे हा अन्याय होईल. त्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. पुढे ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन झाले, आणि म्हणूनच पोतदारांना १९६६ मध्ये विष्णुभटांना त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलवता आले. याच वर्षी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य पूर्णत्वाला गेले. महाभारतासारख्या महासागराला आणि एका भिक्षुकाच्या बाडाला, दोघांनाही आपापली संहिता त्या एकाच वर्षी परत मिळाली. छापील पुस्तकातील सारे दोष मूळ कागदांच्या जतनामुळे भरून निघू शकतात. मूळ कागद गेले, तर निर्दोष पुस्तकही आपला एकमेव पुरावा गमावून बसते. संपादक वैद्य यांचे खरे श्रेय १९०७ च्या पुस्तकापेक्षा या जतनात अधिक आहे.

४

दिवंगत वडिलांची वही संपादित करणाऱ्या मुलापुढे वैद्यांहून अधिक अवघड पेच असतात. ते तीन प्रकारचे असतात.

पहिला भाषेचा. वडिलांचे शुद्धलेखन कच्चे असते, वाक्ये अर्धवट सुटलेली असतात, लष्करी हिंदुस्तानीतले शब्द जागोजागी येतात. मुलाला वाटते, हे असेच छापले तर लोक वडिलांना अडाणी समजतील. म्हणून तो ‘रेशन’चे ‘शिधा’ करतो, ‘पलटणी’चे ‘सैन्यदल’ करतो आणि नकळत वडिलांच्या जागी आपल्या प्राध्यापकाला बसवतो. वडिलांची भाषा ही त्यांच्या शिक्षणाची उणीव नसते. ती त्यांच्या प्रवासाची नोंद असते. कोणता शब्द कोठे चिकटला, हे त्या भाषेतच वाचता येते.

दुसरा पेच प्रतिष्ठेचा. वहीत भीतीची कबुली असते, पळ काढल्याची असते, कोणा वरिष्ठाविषयी कडवट शब्द असतात, आईला कधीच न सांगितलेली एखादी गोष्ट असते. मुलगा संपादक असतो, पण त्याआधी तो मुलगा असतो. हे वगळण्याचा त्याला मोह होतो, आणि हा मोह क्षुद्र नाही. त्यामागे प्रेम असते. हयात असलेल्या माणसांना इजा होईल असा मजकूर काही काळ रोखून धरणे समर्थनीयही ठरू शकते. प्रश्न वगळण्याचा नसतो, लपवून वगळण्याचा असतो. जेथे मजकूर गाळला, तेथे तो गाळला आहे असे वाचकाला सांगणे, हा वडिलांचा आणि वाचकांचा दोघांचाही हक्क आहे.

तिसरा पेच तथ्यांचा. वडिलांनी दिलेली तारीख इतिहासाच्या पुस्तकाशी जुळत नाही. गावाचे नाव चुकलेले असते. ज्या लढाईत ते होते असे ते लिहितात, तेथे त्यांची तुकडी तेव्हा पोहोचलेलीच नसते. अशा वेळी मुलगा मुकाट्याने दुरुस्ती करतो. पण स्मृती कोठे चुकते, हेच स्मरणलेखनाच्या अभ्यासकाला हवे असते. दुरुस्तीची जागा तळटीप ही होय, संहिता नव्हे.

जगाच्या वाङ्मयात या नात्याचे उलटे रूपही आढळते. ॲन फ्रँकच्या दैनंदिनीचे पहिले संपादन तिच्या वडिलांनी, ऑटो फ्रँक यांनी केले. मुलगी छळछावणीत मृत्यू पावली होती. वडील वाचले होते. ॲनने आपल्या दैनंदिनीचे स्वतःच पुनर्लेखन सुरू केले होते. या दोन्ही पाठांतून वडिलांनी तिसरी संहिता घडवली आणि ती १९४७ साली डच भाषेत प्रसिद्ध झाली. आईविषयीचे काही तीक्ष्ण उद्गार आणि वयात येणाऱ्या मुलीचे काही मोकळे विचार त्यांनी वगळले. दिवंगत पत्नीविषयीचे ते शब्द छापताना त्या माणसाचा हात अडखळला असेल, तर त्याला दोष कोणी द्यावा? पण १९८० साली निधन पावताना त्यांनी मूळ कागद नेदर्लंड्सच्या युद्धकालीन दस्तऐवज संस्थेला ठेवले, आणि १९८६ मध्ये त्या संस्थेने तिन्ही पाठ एकत्र देणारी चिकित्सक आवृत्ती काढली. वैद्य आणि ऑटो फ्रँक यांच्यात देश, काळ आणि दुःख यांचे केवढे अंतर! तरी दोघांची वाट एकच निघाली. दोघांनीही छापताना हात आखडता घेतला; दोघांच्याही बाबतीत कागद मात्र शाबूत राहिले.

५

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. वैद्यांनी भाषा सुबक केली नसती, तर १९०७ च्या वाचकाने ‘माझा प्रवास’ वाचला असता का? सहा दशके हा ग्रंथ जिवंत राहिला तो वैद्यांच्या संस्कारित रूपातच. अमृतलाल नागरांनी त्याचे हिंदी रूप ‘आँखों देखा गदर’ या नावाने केले तेव्हा पोतदारांची संहिता अस्तित्वातही नव्हती. वाचनीयता ही संपादकाची जबाबदारी नाही काय?

आहे. पण वाचनीय आवृत्ती आणि प्रमाण संहिता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीने दुसरीची जागा बळकावता कामा नये. वाचकासाठी संक्षेप करावा, कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत, प्रकरणे पाडावीत. मात्र त्यावर तसे स्पष्ट लिहावे. शिवाय, जशीच्या तशी संहिता वाचली जात नाही, हा समजही पोतदारांच्या आवृत्तीने खोटा ठरवला आहे. विष्णुभटांच्या रांगड्या, बोलक्या गद्याचे जे कौतुक अलीकडच्या समीक्षेत होते, ते त्यांच्या मूळ शब्दकळेमुळेच. २०१४ साली प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे तो आवाज मराठीबाहेरही पोहोचला. काळ जसा पुढे जातो, तशी संपादकाची भाषा जुनी होत जाते आणि साक्षीदाराची भाषा ताजी होत जाते.

यातून विद्यापीठीय मराठी विभागांपुढे एक कर्तव्य उभे राहते. संहिताचिकित्सा आपल्याकडे शिकवली जाते ती ‘ज्ञानेश्वरी’च्या, तुकोबांच्या गाथेच्या आणि महानुभाव वाङ्मयाच्या संदर्भात. जणू पाठभेद ही छापखान्यापूर्वीचीच व्याधी होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’सारख्या विसाव्या शतकातील ग्रंथालाही, नातू अशोक देवदत्त टिळक यांच्या साक्षेपी संपादनाची गरज भासली, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. घरातील माणूसही काटेकोर संपादक होऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे. आधुनिक गद्याची, विशेषतः अप्रकाशित आत्मपर लेखनाची, साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणे हे कोणत्याही विवेचक प्रबंधाइतकेच संशोधन आहे, हे विभागांनी मान्य करायला हवे. आज एखाद्या विद्यार्थ्याने वडिलांच्या वा आजोबांच्या वहीचे संपादन पीएच.डी.साठी सुचवले, तर ‘यात तुमचे विवेचन कोठे आहे?’ असा प्रश्न येण्याचाच संभव अधिक. विवेचन तळटिपेत असते, प्रस्तावनेत असते, आणि सर्वांत अधिक ते, काय बदलले नाही, या निर्णयात असते.

दुसरी गोष्ट लिपीची. विष्णुभटांचे बाड मोडीत होते. ते वाचता येणारे होते म्हणून वाचले गेले. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून आजोबांनी अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेले कागद असतील, तर देवनागरीत शिकलेल्या नातवंडांना ते आपल्याच घरात परके वाटतील. मराठी घरातील मोडीची स्थिती याहून निराळी नाही. विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी, सिंधी आणि हिंदी शिकवणारे अध्यापक एकाच शिक्षक-खोलीत बसतात. त्यांनी मिळून अशा कागदांची नुसती यादी केली, ज्या घरांची संमती असेल त्यांची छायाचित्रे घेऊन ग्रंथालयात ठेवली, तर ते काम एखाद्या चर्चासत्राहून मोलाचे ठरेल. छावणीतून उभ्या राहिलेल्या शहराला आपल्या स्मृतींचे दफ्तर असू नये, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

राहता राहिला तो मुलगा, वडिलांची वही हाती घेऊन बसलेला. त्याला सांगण्यासारखे तीनच नियम ‘माझा प्रवास’च्या इतिहासातून निघतात. पहिला, काहीही करण्यापूर्वी वहीची पानन्‌पान प्रत करून ती घराबाहेर, एखाद्या संस्थेत ठेवावी. दुसरा, वही जशी आहे तशी, चुकांसह, एकदा अक्षरशः उतरून काढावी. तिसरा, छापताना जे बदलले, गाळले वा पुढे-मागे केले, ते प्रस्तावनेत नोंदवावे. एवढे केल्यावर त्याने भाषा सुधारली तरी फारसे बिघडत नाही, कारण नंतर येणारा कोणी पोतदार ती सुधारणा बाजूला सारून मूळ शब्दांपर्यंत पोहोचू शकेल. वैद्यांनी तिसरा नियम पुरता पाळला नाही. पहिला मात्र त्यांच्या हातून पाळला गेला. म्हणून वरसईच्या भटजींचे शब्द आज त्यांच्याच तोंडून ऐकता येतात.